रविवार कोणाचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

रविवार हा सुटीचा दिवस ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की, ही सुटी नक्की कोणाला मिळते हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. शाळेला सुटी, महाविद्यालयाला सुटी, कचेरीला सुटी. पण खुरपणीला जाणाऱ्या बाईला सुटी कधी? तिचा आठवडा रविवारी संपत नाही, तो बाजाराच्या दिवशी संपतो. मजुरी हातात पडायची ती बाजाराच्या दिवशी आणि मीठ-मिरची आणायची तीही बाजाराच्या दिवशी. रविवार तिच्या लेखी शनिवार आणि सोमवार यांच्या मधला एक दिवस, एवढेच.

वास्तविक पाहता ही रविवारची सुटीसुद्धा आपल्याला कोणी सहजासहजी दिलेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, कामगाराला त्या दिवशी आपल्या देवाचे आणि आपल्या समाजाचे काही करता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. गिरणी कामगाराला रविवार मिळाला. शेतमजुराला तो अजून मिळायचा आहे.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, ज्यांच्या धर्माचा सगळा आठवडाच रविवाराभोवती फिरतो अशा समाजातली मी एक मुलगी आहे. आम्ही कॅथलिक ख्रिस्ती आहोत, आणि आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारे कोणी नाही. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आमच्या समाजाचा रविवार सुटी असणाऱ्यांच्या सोयीने चालतो, तो रोजमजुराच्या सोयीने चालला पाहिजे. नाहीतर चर्चच्या भिंती उभ्या राहतील आणि त्यांच्यात बसणारा समाज मात्र राहणार नाही.

ख्रिस्ती म्हटले की आमच्या वर्गातल्या मैत्रिणींना गोवा, वांद्रे, इंग्रजी शाळा आणि नाताळचा केक एवढेच आठवते. त्यात त्यांचा दोष नाही, कारण सिनेमाने तेवढेच दाखवले. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा. २०११ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. त्यात सगळे ख्रिस्ती मिळून शंभरात एकसुद्धा नाहीत. जी थोडी कॅथलिक घरे आहेत ती विखुरलेली आहेत. चर्चच्या कारभारात आपला जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, तरी चर्चच्या दप्तरी जुने नाव चालते. धर्मप्रांताचे भाग म्हणजे धर्मग्राम, ज्याला इंग्रजीत पॅरिश म्हणतात. मुंबईला किंवा वसईला धर्मग्राम म्हणजे चालत जाण्याइतके अंतर. आमच्याकडे धर्मग्राम म्हणजे कित्येक गावे, एक फादर आणि एक मोटारसायकल.

अशा ठिकाणी धर्म टिकतो तो घरात. संध्याकाळी भाकरी झाल्यावर जपमाळ होते. पाच दशके, म्हणजे नमो मारियाची प्रार्थना पन्नास वेळा. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नाही तिलाही कोणत्या वारी कोणती रहस्ये ते पाठ असते : सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली नव्याने घातली, तीही आता म्हाताऱ्यांच्या तोंडी बसली आहेत. शुक्रवारी मांसाहार वर्ज्य. उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांपुढे थांबत केलेली प्रार्थना. आपल्या गावोगावी वर्षातून एकदा हरिनाम सप्ताह बसतो. आमच्याकडे सप्ताह दर आठवड्याला बसतो आणि रविवारी त्याचा काला होतो, असे म्हटले तरी चालेल.

हा काला म्हणजे मिस्सा. मिस्सेचे दोन भाग असतात. पहिल्यात शास्त्रवाचन आणि प्रवचन, दुसऱ्यात भाकर व द्राक्षारस यांचा यज्ञविधी. यज्ञविधीचा अर्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून मी पहिल्या भागाबद्दलच बोलते. रविवारी तीन वाचने होतात. ती तीन वर्षांच्या क्रमाने लावलेली आहेत. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. म्हणजे ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही तो माणूससुद्धा तीन वर्षे नेमाने आला तर शुभवर्तमानाचा मोठा भाग कानाने वाचतो. नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात याची थोरवी वेगळी सांगायला नको. कीर्तनाने आणि पोथीने निरक्षर माणसाला जे दिले, तेच इथे दर आठवड्याला मिळते.

पण ते मिळते ते मराठीत आहे म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि त्यानंतर लॅटिन मिस्सेच्या जागी मराठी मिस्सा आली. खरे म्हणजे मराठी आम्हाला नवीन नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. ते चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे वाचले जाई. लोकांना कळेल अशा भाषेत बोलावे ही जाण एका परदेशी माणसाला चारशे वर्षांपूर्वी होती. १९६९ साली भारतातल्या चर्चला उपासनेत बारा देशी प्रथा स्वीकारण्याची मुभा मिळाली. त्यामुळे जोडे बाहेर काढून मांडी घालून बसावे, समई लावावी, आरती ओवाळावी, शांतीचे चिन्ह म्हणून एकमेकांना नमस्कार करावा, हे सगळे रीतसर झाले. या शांतीच्या नमस्काराचे मोल मला फार वाटते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर दुरून पाणी वाढले जाई, त्यांना दर आठवड्याला शेजारी बसलेला माणूस, मग तो कोणी का असेना, हात जोडून शांती देतो. वर्षातून एकदा भाषणात समता ऐकणे निराळे आणि दर आठवड्याला ती हातांनी करणे निराळे.

आता या रविवाराची किंमत पाहू. जिथे मिस्सा सकाळी नऊ-साडेनऊला असते, तिथे दुसऱ्या गावाहून येणाऱ्या मजुराचा अख्खा दिवस जातो. आठ वाजता निघायचे, बारा वाजता सुटायचे, गावी परत यायला दोन. त्या वेळी रानात कोण घेणार? नोकरीवाल्याला मिस्सेची किंमत दोन तास पडते, मजुराला ती एका दिवसाची मजुरी पडते. नवरा-बायको दोघे आले तर दोन मजुऱ्या, वर गाडीभाडे. एवढे करून जो येतो त्याच्या श्रद्धेबद्दल प्रवचन करण्याची गरज नाही. जो येत नाही त्याच्याबद्दल मात्र ‘श्रद्धा कमी झाली’ असे चटकन म्हटले जाते. ते मला मान्य नाही.

चर्चचे पंचांग आणि आमच्या शिवाराचे पंचांग शेजारी शेजारी मांडून पाहावे. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. आमच्याकडे तो सोयाबीन सोंगणीचा महिना, आणि सोंगणी गुत्त्याने घेतलेली असली म्हणजे उजाडण्यापूर्वी रानात जावे लागते. डिसेंबरात आगमनकाळ आणि नाताळ. तेव्हा मराठवाड्यातली ऊसतोडीची जोडपी कारखान्याच्या फडावर असतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा पडला तर तो अंगावर चढतो. तिथे पाळणा कुठला आणि मध्यरात्रीची मिस्सा कुठली? फेब्रुवारी-मार्चात उपवासकाळ, तेव्हा वसमतकडे हळद काढणे आणि शिजवणे जोरात असते. म्हणजे धर्माचे जे मोठे दिवस तेच मजुरीचे मोठे दिवस. वर्षात चार पैसे दिसायचे ते याच दिवसांत.

त्यात बाईचा रविवार तर आणखी वेगळा. पगारदाराच्या घरातसुद्धा रविवार म्हणजे सगळे घरी आणि चूल दिवसभर पेटलेली. मजुराच्या घरात ती रानातून येऊन मग धुणे काढते. तरीही चर्चमध्ये पुरुषांपेक्षा बायकांची रांग लांब असते. ही रांग कशाच्या जोरावर टिकून आहे याचा विचार कोणी केला आहे काय?

आणखी एक किंमत आहे, तिच्याविषयी थोडक्यातच लिहिते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो अद्याप नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली असे झाले नाही, सवलत तेवढी गेली. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले, तिथे या एका ओळीचे वजन काय असते ते सांगायला नको. एवढे ओझे घेऊन जो माणूस रविवारी पुढच्या चटईवर येऊन बसतो, त्याची वेळ सांभाळणे हे निदान आपल्या हातात आहे.

यावर वडीलधारी माणसे म्हणतात, ‘देवासाठी आठवड्यातला एक दिवस बुडाला तर काय बिघडले? पूर्वीची माणसे मैलोन् मैल चालत येत.’ त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याला बारा महिने पगार आहे त्याने हे दुसऱ्याला सांगणे सोपे आहे. शिवाय ‘पूर्वी’ म्हणजे किती पूर्वी? इतिहास उघडला तर तो मजुराच्याच बाजूने बोलतो. पहिल्या तीनशे वर्षांत ख्रिस्ती लोकांना रविवारची सुटी नव्हतीच. रोमन साम्राज्यात तो कामाचा दिवस होता आणि आमच्यात गुलाम आणि कष्टकरी पुष्कळ होते. सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजानला पत्र लिहिले. त्यात त्याने कळवले आहे की, हे लोक ठराविक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताची स्तोत्रे म्हणतात. उजाडण्यापूर्वी का, तर उजाडल्यावर धन्याचे काम असे. आपल्याकडे काकड आरती जशी पहाटे, तशी आमची पहिली उपासनाही पहाटेचीच. पुढे ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला, पण त्यातून शेती करणाऱ्यांना वगळले, कारण पेरणीचा आणि काढणीचा वापसा सुटीसाठी थांबत नाही. शहराला सुटी, शेताला नाही, हा भेद इतका जुना आहे.

त्याहून मोठा दाखला शुभवर्तमानातच आहे. विश्रांतीच्या दिवशी शेतातून जाताना शिष्यांनी भुकेपोटी कणसे मोडली, तेव्हा नियमावर बोट ठेवणाऱ्यांपुढे येशू भुकेल्यांच्या बाजूने उभा राहिला. हुरड्याच्या दिवसांत आपण जे करतो तेच त्या शिष्यांनी केले होते. मजुरांच्या अड्ड्यावर दिवसभर कोणी कामाला नेले नाही म्हणून ताटकळत राहिलेल्या माणसांना संध्याकाळी पूर्ण मजुरी देणाऱ्या मळेवाल्याची गोष्टही त्यानेच सांगितली. ही गोष्ट सांगणारा स्वतः सुताराच्या घरचा होता. त्याच्या नावाने भरणाऱ्या सभेची वेळ मजुराला अडचणीची असावी, हे बरे दिसत नाही.

चर्चचा कायदाही आड येत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२४८ व्या नियमानुसार रविवारची मिस्सा आदल्या संध्याकाळी ऐकली तरी कर्तव्य पुरे होते. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की, धर्मगुरू मिळत नसेल तर लोकांनी एकत्र येऊन शास्त्रवाचनाची उपासना करावी, किंवा घरोघरी वा काही घरांनी मिळून प्रार्थना करावी. म्हणजे मी काही नवे किंवा बंडखोर मागत नाही. कागदावर आहे ते गावात यावे, एवढेच मागते.

माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे तीन गोष्टी लगेच करता येतील. पहिली, सुगीच्या दिवसांत मिस्सा शनिवारी दिवेलागणीनंतर किंवा रविवारी पहाटे ठेवावी, आणि ती वेळ ठरवताना मजुरी करणाऱ्या बायकांना विचारावे. दुसरी, जिथे फादर महिन्यातून एकदाच पोचतात तिथे उरलेले रविवार मोकळे सोडू नयेत. जुन्या काळी खेड्यापाड्यांत धर्मशिक्षण देणाऱ्या मास्तरांनीच समाज जपला. ते मास्तर आता म्हातारे झाले. त्यांच्या जागी दोन-चार तरुणांनी उभे राहावे, वाचने वाचावीत, विनंत्या म्हणाव्यात, आजाऱ्याच्या घरी जाऊन यावे. तिसरी, ऊसतोडीला कोण कुठल्या कारखान्यावर गेले याची यादी दिवाळीलाच करावी आणि ती त्या भागातल्या धर्मग्रामाकडे पाठवावी, म्हणजे नाताळात निदान एका संध्याकाळी कोणीतरी फडावर जाईल. यासाठी मोठा निधी लागत नाही. वही आणि पेन्सिल लागते, आणि चौकशी करणारा माणूस लागतो.

हा माणूस कोण? इथे मी माझ्यासारख्यांकडे वळते. आपण कॉलेजात आलो ते कोणाच्या तरी खाड्या न पडलेल्या दिवसांवर. घरात पहिल्यांदा वाचता येऊ लागले ते आपल्याला. पण वाचता येताच आपल्यातले पुष्कळजण मागच्या रांगेत जाऊन उभे राहतात, किंवा पुण्याला गेले की गावच्या चर्चचे नावही काढत नाहीत. तीन वाचने वाचायला पदवी लागत नाही, स्वच्छ मराठी आणि थोडी तयारी लागते. मुलींना तर आता कोणतीच सबब उरलेली नाही. चर्चमध्ये वाचन करण्याची अधिकृत सेवा पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये स्त्रियांना खुली केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाची सेवाही रीतसर स्थापन केली. खुरपे धरणाऱ्या बाईच्या मुलीने तिच्यासमोर उभे राहून शास्त्र वाचावे आणि तिला ते समजावे, यापेक्षा मोठी धर्मसेवा मला तरी दिसत नाही.

हा प्रश्न आमच्या एकट्या समाजाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. विहारात रविवारी वंदना असते, तिथेही मजूर येतो की नोकरदार? ग्रामसभा भर दुपारी भरते, तिला कोण जाऊ शकतो? वाचनालय संध्याकाळी लवकर बंद होते, ते कोणासाठी उघडे असते? कोणत्याही संस्थेची खरी तत्त्वे तिच्या घटनेत शोधण्यापेक्षा तिच्या वेळापत्रकात शोधावीत, असे मला वाटते. वेळापत्रक ठरवताना जो माणूस डोळ्यांपुढे असतो, त्याचीच ती संस्था होते.

लोखंड्यांनी कामगारासाठी एक दिवस मागितला, तो विश्रांतीसाठी तसाच समाजकार्यासाठीही मागितला होता. आमच्या शेतमजुराला पगारी सुटी मिळवून देण्याची ताकद आज आमच्यात नाही. पण ज्या वेळी त्याचे हात मोकळे असतात त्या वेळी जमण्याची ताकद नक्कीच आहे. शनिवारची रात्र आहे, रविवारची पहाट आहे. दिवा लावणारे आणि पुस्तक उघडणारे कोणी असले, म्हणजे रविवार त्याचाही होईल.